एका रुपयावरचा डाग

आमच्या आईच्या देवघरात एक पितळी डबा होता. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तो खाली उतरायचा. मग आई मोरीपाशी बसून, चिंच आणि राख घेऊन, त्यातली नाणी एकेक करून घासायची. आम्ही तिघं भावंडं भोवती बसून ती मोजायचो. मोजणी दर वर्षी चुकायची आणि दर वर्षी आई म्हणायची, "असू दे, लक्ष्मी मोजू नये." पुढे मी बँकेत लागलो आणि सदतीस वर्षं दुसरं काहीच केलं नाही, तेव्हा या वाक्यातली गंमत मला कळली.

आई गेल्यावर वर्षभराने आम्ही तिघं जमलो आणि डबा उघडला. एकूण एकेचाळीस नाणी निघाली. 'श्री राजा शिव' एवढी अक्षरं कशीबशी धरून ठेवलेली एक तांब्याची शिवराई, चांदीचे पाच रुपये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले भोकाचे पैसे, १९५७ सालचे नवे पैसे, साठ-सत्तरच्या दशकातली पिवळीधमक कमळाची वीस पैशांची नाणी, आणि ३० जून २०११ पासून चलनातून गेलेल्या चार आण्यांचा एक छोटा ढीग. वाटणी करायची होती. तंटा काहीच नव्हता. पण एक नाणं इंदूरला, एक न्यू जर्सीला, एक इथे पुण्यात, असं झालं की हा डबा 'डबा' म्हणून संपणार होता. तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आधी सगळ्यांचे फोटो काढून ठेव. तू रिटायर्ड आहेस."

निवृत्त माणसाला कोणतंही काम सांगताना लोक हे कारण देतात. मी होकार दिला. एका दुपारचं काम, असं वाटलं होतं. पुरते पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत मी काय शिकलो ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. तुमच्याही घरात असा एखादा डबा असणारच.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच केला. टेबलावर देवघरातला लाल मखमलीचा तुकडा पसरला, वर रुपया ठेवला, मोबाइल अगदी जवळ नेला आणि फ्लॅशसकट फोटो काढला. नाण्याच्या मध्यभागी एक पांढरा गोळा, भोवती काळोख आणि काठाला लालसर झाक. व्हिक्टोरिया राणीचं नाक तेवढं दिसत होतं. फ्लॅश बंद केला तर माझ्या हाताची आणि फोनची सावली नाण्यावर पडली. नात शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, हे नाणं नाही, ग्रहण आहे."

चूक पहिली, जवळीक. लहान वस्तू टिपायची तर जवळ जायला हवं, हे आपल्याला उगाच वाटतं. फोन जवळ गेला की त्याची सावली पडते, उजेडाला आत यायला वाट उरत नाही आणि गोल नाणं जरा फुगल्यासारखं दिसतं. काही फोन तर जवळ नेल्यावर आपोआप दुसऱ्याच, रुंद भिंगाकडे वळतात. ती सोय बंद करून ठेवावी. फोन नाण्यापासून वीत-दीड वीत वर न्यावा आणि दुप्पट झूम करावा. नाणं चौकटीत लहान दिसलं तरी चालतं, भोवतालचा भाग नंतर कापता येतो. ज्यांच्याकडे कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स आहे त्यांचं काम सोपं. त्यांनी शंभर मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घेतली तर नाण्यापासून लांब राहून ते मोठं टिपता येतं.

आता फोन वीतभर वर धरायचा तर हात हलणार. स्टँड विकत आणण्याचा विचार होता, पण कपाटाखाली माझ्या एका कादंबरीच्या प्रती पडून होत्या. लेखकाला मिळालेल्या आणि लेखकाकडेच राहिलेल्या. बारा-बारा प्रतींचे दोन ढीग रचले, त्यांच्यावर दोन पोलादी फूटपट्ट्या समांतर ठेवल्या आणि पट्ट्यांवर फोन, भिंग मधल्या फटीतून खाली बघेल असा. या कादंबरीने कुणाला तरी वर उचललं, ते त्या दिवशी प्रथमच. फोटोची कळ बोटाने दाबली की फोन हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात मागे घ्यायचा.

पण राणी अजून तिरकी दिसत होती. वरचा काठ स्पष्ट, खालचा पुसट. कारण फोन आणि टेबल समांतर नव्हते. इथे एक जुनी युक्ती कामी आली. नाण्याच्या जागी एक छोटा आरसा ठेवायचा. फोनच्या पडद्यावर त्या आरशात फोनचंच भिंग दिसतं. ते बरोबर चौकटीच्या मध्यभागी आलं की समजावं, भिंग सरळ खाली बघतंय. नाही आलं तर ज्या बाजूला झुकलंय तिकडे पट्टीखाली कागदाची घडी सरकवायची. मग आरसा काढून त्या जागी नाणं ठेवायचं. गवंडी ओळंबा लावतो, त्यातलाच हा प्रकार.

एवढं झाल्यावर खरी परीक्षा आली, ती उजेडाची.

बँकेत मी नवा होतो तेव्हा आमच्या हेडकॅशियरांनी मला नोट पारखायला शिकवलं. ते म्हणायचे, "नोटेकडे बघू नकोस, उजेड तिच्यातून कसा येतो ते बघ." नाण्यातून उजेड जात नाही, त्याच्यावरून तो घसरतो. नाणं म्हणजे उठाव आणि खोलगट भागांचा एक छोटा प्रदेश. समोरून फ्लॅश मारला की सावल्या मरतात आणि डोंगर-दऱ्या एकजीव होतात. बाजूने, तिरका उजेड टाकला की प्रत्येक उठावाला सावली मिळते आणि अक्षरं उभी राहतात. तेव्हा खोलीतले सगळे दिवे बंद करावेत, खिडकीचा पडदा ओढावा आणि एकच टेबललॅम्प ठेवावा. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळसर उजेड एकत्र आला तर चांदी कोणत्याच रंगाची राहत नाही.

हा दिवा कुठे ठेवायचा? नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. दहा ते दोनच्या मधे, म्हणजे नाण्याच्या डोक्याच्या बाजूला. मी आधी सोयीसाठी दिवा माझ्याकडे, सहाच्या बाजूला ठेवला होता, आणि फोटोत राणीचा चेहरा साच्यासारखा आत गेलेला दिसला! नाणं तेच, पण उठाव खोलगट दिसू लागला. त्याचं कारण असं, की उजेड वरून येतो हे आपल्या मेंदूने सूर्यामुळे गृहीत धरलेलं असतं. खालून उजेड आला तर तो उजेडावर शंका घेत नाही, वस्तूवर घेतो. चंद्रावरच्या विवरांचे फोटो उलटे धरले की ती टेकड्यांसारखी दिसतात, त्याचंही कारण हेच.

आता दिव्याची उंची. चकाकणाऱ्या, न झिजलेल्या नाण्यासाठी दिवा जरा वर ठेवावा आणि मधे ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर धरावा, म्हणजे उजेड मऊ होतो. पुरेसं अंतर राखावं, कागद तापतो. झिजलेल्या नाण्यासाठी दिवा खाली, जवळजवळ टेबलालगत आणावा. समोरच्या बाजूला पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा उभा केला की सावल्या फार काळ्या होत नाहीत. आरशासारख्या चकचकीत स्मारक-नाण्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यासाठी नाण्याच्या वर स्वच्छ काचेचा तुकडा पंचेचाळीस अंशांत तिरका धरतात आणि बाजूने दिवा टाकतात. काचेवरून परतलेला उजेड सरळ खाली नाण्यावर पडतो आणि कॅमेरा काचेतूनच बघतो. मला त्याची गरज पडली नाही. आमच्या डब्यात चकचकीत असं काही नव्हतं, आईची चिंच सोडून.

मखमल मी दुसऱ्याच दिवशी काढली. चांदी शेजारचा रंग उचलते. राखाडी कागद सगळ्यांत चांगला. त्यावर कॅमेऱ्याचा रंगाचा अंदाजही चुकत नाही. काळ्या कागदावर फोन फसतो. सगळं काळं आहे असं समजून तो उजेड वाढवतो आणि रुपया पांढराफट्ट पडतो. अशा वेळी पडद्यावर नाण्यावर बोट ठेवावं आणि उजेडाची खूण जरा खाली ओढावी. थोडा काळपट आलेला फोटो नंतर उजळता येतो, पण एकदा पांढरं पडलेलं पुन्हा वाचता येत नाही.

शिवराईने मला चार दिवस खेळवलं. तांबं काळवंडलेलं, अक्षरं अर्धी नाण्याबाहेर. ठसा मोठा आणि धातूचा तुकडा लहान, असं तेव्हा सर्रास व्हायचं. दिवा टेबलालगत आणून, पूर्ण नाण्याभोवती हळूहळू फिरवून बघितला. अकराच्या जागी आला आणि 'शिव'मधली वेलांटी अचानक उभी राहिली. रायगडावर राज्याभिषेक झालेल्या राजाचं नाव घरातल्या टेबललॅम्पखाली असं वर येताना बघून मी खुर्चीत ताठ बसलो.

अशा एका बारीक खुणेवर किती काय अवलंबून असतं याची एक गोष्ट १९११ सालची आहे. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावर मानाची साखळी होती आणि तीत एक हत्ती. ठसा कोरणाऱ्याने हत्तीची सोंड इतकी आखूड काढली, की तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, सरकारला नाणी मागे घ्यावी लागली आणि १९१२ पासून सोंड सुधारलेला हत्ती आला. त्या रुपयाला संग्राहक आजही 'डुकराचा रुपया' म्हणतात. हत्ती जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा. फोटो धड नसेल तर त्याची सोंड कुणाला दिसणार?

म्हणूनच जुने नाणेतज्ज्ञ नाण्याचा सरळ फोटो काढायच्या भानगडीत फारसे पडत नसत. ते प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये नाण्याची प्रतिकृती काढत आणि तिचा फोटो घेत. प्लास्टर पांढरं, न चकाकणारं. रंगाचा घोळ नाही, डागांचा नाही. मोठमोठ्या संग्रहालयांच्या सूचींमधली चित्रं अशीच तयार झाली. आकार अचूक यायचा, पण नाण्याचं आयुष्य मात्र त्यात यायचं नाही. तांब्याचं काळेपण, चांदीवर गंधकाने चढलेली करडी साय, हे सगळं प्लास्टर गाळून टाकतं. आजही अभ्यासक फोटो शेजारी ठेवून दोन नाणी एकाच ठशातून निघाली का हे ओळखतात. नाशिकजवळ अंजनेरीला तर १९८० पासून नाण्यांच्याच अभ्यासाची संस्था आहे. अशा अभ्यासाला सुंदर फोटो नको असतो, खरा हवा असतो.

आणि हाच प्रश्न आमच्या घरात उभा राहिला.

पाच रुपयांपैकी एक १९०१ सालचा. 'व्हिक्टोरिया एम्प्रेस', डोक्यावर मुकुट. सगळ्यांत झिजलेला. १८३५च्या कायद्याने रुपयाचं वजन ठरलं १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. ओळखीच्या सराफाकडे वजन केलं तर आमचा रुपया ११.४ ग्रॅम भरला. पाव ग्रॅम चांदी कुठे गेली ते मला माहीत होतं. काही हातोहात फिरताना, आणि काही आमच्याच मोरीत, चिंचेच्या पाण्याबरोबर. (तेव्हा विनंती अशी, की फोटोआधी नाणं घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काही नको. मऊ ब्रशने किंवा फुंकणीने धूळ उडवावी, नाणं काठांनी धरावं, खाली मऊ कापड असावं. घासलेलं नाणं पुन्हा जुनं होत नाही.)

तो रुपया झिजलेला म्हणून दिवा टेबलालगत आणला. फोटो पडद्यावर मोठा करून बघतो तर मुकुटाच्या वर, अगदी काठावर, एक बारीक उंचवटा. त्याची सावली खाली मुकुटापर्यंत आलेली. आधीच्या फ्लॅशच्या फोटोत तिथे काहीच नव्हतं. नाणं उभं धरून कडेचा फोटो काढला. कडेवर दाते असतात, त्या जागी ते बुजलेले आणि धातूचा एक वितळलेला ठिपका.

सगळे फोटो भावाला पाठवले. त्याने तिकडच्या एका नाणेविक्रेत्याला दाखवले. उत्तर आलं, की बाकीचे चार ठीक, पण या रुपयाला कधीतरी कडी जोडलेली होती, डाग दिलेला आहे, तेव्हा चांदीच्या भावापलीकडे काही नाही. भावाचा फोन आला. "दादा, तेवढा ठिपका फोटोतून पुसता येईल ना? एका मिनिटाचं काम आहे. मग दुसऱ्या कुणाला दाखवतो." तो लबाड नाही. नाण्याचा मान राहावा एवढंच त्याला वाटत होतं. पण मी नाही म्हटलं. आयुष्यभर मी सह्या पडताळल्या. सही थोडी वेगळी वाटली तर खातेदाराला बोलावून घेतलं, स्वतःच्या हाताने ती दुरुस्त कधी केली नाही. फोटोतला ठिपका पुसणं मला त्या दुरुस्तीसारखंच वाटलं. फोनवर थोडी ओढाताण झाली. तो म्हणाला, "तुझी बँक अजून सुटत नाही." मी काही बोललो नाही.

मग मी तो फोटो मोठ्या कागदावर छापून सांगलीला आत्याकडे नेला. आत्या सत्त्याऐंशी वर्षांची, दृष्टी अधू. खरा रुपया हातात देऊन तिला काही उलगडलं नसतं. ताटलीएवढ्या फोटोवर तिने भिंग फिरवलं आणि त्या उंचवट्यापाशी थांबली. "अरे, हा वहिनींच्या डब्यात कसा? हा तर आईच्या माळेतला."

आजीच्या गळ्यात सात रुपयांची माळ होती, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिच्या वडिलांनी लग्नात घातलेली. माझे वडील पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा एकेका सत्राच्या फीला माळेतला एकेक रुपया उतरत गेला. सराफाने कड्या तोडल्या, रुपये घेतले. रुपयाला रुपया मिळाला, की चांदी म्हणून जास्त, ते आत्याला आठवत नाही. सहा गेले. सातव्याच्या वेळी वडिलांना नोकरी लागली. तो उरला. आजीने तो सुनेला दिला, आणि आईने तो पन्नास वर्षं, न बोलता, बाकीच्या नाण्यांबरोबर घासला.

आपल्या भाषेत 'डाग' या शब्दाला किती अर्थ आहेत पाहा. कपड्यावर पडतो तोही डाग, सोनार धातू जोडतो तोही डाग, आणि बायका अंगावर घालतात तो दागिनाही डागच. बँकेत सोनेतारण कर्जाच्या वेळी मी हजारदा विचारलं असेल, "किती डाग आहेत?" एका रुपयावर हे तिन्ही अर्थ एकत्र बसलेले मी मात्र आयुष्यात एकदाच पाहिले.

त्या रात्री भावाला सगळं लिहून कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा एका ओळीचा निरोप आला: "दादा, त्या डागाचा जरा मोठा फोटो पाठव."

आता थोडं व्यवहाराचं. फोटो दोन्ही बाजूंचे काढावेत, आणि दिवा न हलवता, म्हणजे दोन्ही एकमेकांशी जुळतात. शक्य तर कडेचाही काढावा. एका फोटोत शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी. वहीत वजन, व्यास, साल आणि घरातल्या कुणाकडून आलं ते लिहावं. सोबत एक इशारा, बँकवाला म्हणून. जुनी नाणी लाखोंना विकत घेतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही फोटो पाठवला की ते आधी कर किंवा कमिशन म्हणून तुमच्याकडेच पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे प्रकार चालतात आणि आपला त्यांच्याशी काही संबंध नाही, हे खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. विकणारा पैसे देत नसतो, घेत असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

वाटणी झाली. शिवराई भावाकडे जायची होती, पण शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर न्यायला कायद्याची अडचण आहे, म्हणून ती आणि चांदीचे रुपये इथेच राहिले. त्याने नवे पैसे आणि कमळाची नाणी नेली. ताईने भोकाचे पैसे मागून घेतले. १९०१चा रुपया कुणाच्याच वाट्याला टाकला नाही. तो एका दिवाळीला माझ्याकडे आणि एका दिवाळीला इंदूरला ताईकडे असतो. भाऊ येईल त्या वर्षी पूजा त्याच्या हातून. चिंच बंद केली आहे. नुसत्या मऊ कापडाने पुसतो आणि फोटो तिन्ही घरांत सारखाच लावलेला आहे.

फोटोखाली काय लिहावं यावर थोडी चर्चा झाली. ताईला काहीतरी भावपूर्ण हवं होतं आणि तेही कादंबरीकाराकडून. शेवटी बँकेतल्या नोंदीसारखंच लिहिलं: 'रुपया, सन १९०१. वजन ११.४ ग्रॅम. वर कडी काढल्याची खूण. सातांपैकी शिल्लक एक.'